टिचकीवाले राऊतकाका

राऊतकाका पहिल्या दिवशी आमच्या विभागात आले ते काखेत लाकडी स्टूल मारून. माणूस हॉस्पिटलात येताना फळं आणतो, थर्मास आणतो, फार तर रिपोर्टांची पिशवी आणतो. हा गृहस्थ चौलहून रिक्षात बसून स्टूल घेऊन आला होता. मी दारातच अडवलं. आमचा विभाग म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, मुठीएवढ्या बाळांचा. तिथे सख्ख्या बापालाही हात धुतल्याशिवाय आत घेत नाही, तर स्टूल कुठलं घेते मी!

"स्टूल बाहेर," मी म्हटलं.

"फिनेलनं धुतलंय."

"तरी बाहेर."

"मग मी बसू कशावर?"

"बसायचंय कशाला पण तुम्हाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"तुमचे हात," ते अगदी साधेपणाने म्हणाले.

पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी, पण साठी उलटलेला माणूस दारात उभा राहून 'तुमचे हात बघायचेत' म्हणतो, असं कधी झालं नव्हतं. माझं तोंड सुटणारच होतं, तेवढ्यात मागून आमच्या डॉक्टर मॅडम हसत आल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, अगं हे आपल्या ऑक्सिजनच्या मशीनवाले." मशीनवाल्यांना मी विभागातलं स्टीलचं स्टूल दिलं. त्यांनी त्यावर बसून थोडं डुगडुगून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक माझ्याविरुद्धच असावं.

तर हे गजानन राऊत. चौलचे, नारळी-पोफळीच्या वाडीतले. नोकरी सगळी खताच्या कारखान्यात, तीही इन्स्ट्रुमेंट खात्यात. म्हणजे टाकीत पाणी किती, भट्टीत ताप किती, वाफेचा दाब किती, हे मोजायचं आणि ते जिथल्या तिथे राहील अशी व्यवस्था लावायची. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. यांना नवी मुंबईतल्या एका लहानशा कंपनीने बोलावलं, कारण कंपनी जे यंत्र करत होती त्यात हेच काम होतं, फक्त भट्टीच्या जागी बाळ होतं.

आमच्या बाळांना ऑक्सिजन लावलेला असतो. बाळाच्या पायाला एक छोटा पट्टा बांधतात, त्यातून पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. तो नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर मेंदूला धोका, फार वर राहिला तर डोळ्यांना. म्हणून आकडा हलला की सिस्टरने ऑक्सिजनचं बटण थोडं पुढे, थोडं मागे फिरवायचं. दिवसभर. सहा-सात बाळांची बटणं एका बाईने. हे फिरवणं यंत्राने आपलं आपण करावं, आणि कसं करावं ते आम्हा सिस्टरांचं काम पाहून शिकावं, अशी कल्पना. आमच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा आणि बटणाची प्रत्येक हालचाल महिनोन् महिने नोंदली जायची आणि त्यावरून यंत्राला शिकवायची केतकी, कंपनीची तरुण इंजिनीअर. पगार मला नर्सचा आणि काम मास्तरणीचं, असं मी तिला म्हणायचे. ती म्हणायची, "सिस्टर, तुम्ही आमचा ट्रेनिंग डेटा आहात." एवढं कौतुक माझ्या नवऱ्यानेही कधी केलं नव्हतं.

काकांना सवयी फार. सगळ्यात मोठी म्हणजे टिचकी. कुठलाही आकडा वाचण्याआधी ते पडद्याच्या काचेवर नखाने टक्‌ करून टिचकी मारायचे. कारखान्यात दाब दाखवणाऱ्या जुन्या घड्याळांचे काटे अडकून बसत, टिचकी मारली की सुटून खऱ्या जागेवर येत, तिथून ही खोड लागलेली. पण आमच्या पडद्यावर काटाच नाही! हातातल्या घड्याळाला टिचकी, मोबाइलला टिचकी, एकदा तर कॅन्टीनमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला टिचकी मारून त्यांनी वार पाहिला.

"काका, कॅलेंडर अडकत नाही," मी म्हटलं.

"मारली का मी?" ते दचकले. "कळतसुद्धा नाही हो मला. हात जातो."

दुसरी सवय मोजण्याची. पहिल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या खिशात सुपाऱ्या असायच्या, वाडीतल्या. मी बटण फिरवलं की एक सुपारी डाव्या खिशात. जेवायच्या सुट्टीत डावा खिसा रिकामा करून मोजायचे. सुपाऱ्यांवर माझी नजर गेली त्या दिवशी मी जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाळांच्या खोलीत झाडावरून पडलेली सुपारी! काकांनी निमूटपणे सगळ्या सुपाऱ्या बाहेर नेऊन वॉचमनला दिल्या आणि वही काढली. वॉचमन मात्र पुढे बरेच दिवस माझ्यावर खूश होता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी हातावर, मग ऑटोवर." जी गोष्ट स्वतःच्या हाताने चालवून पाहिली नाही ती यंत्रावर सोडायची नाही. केतकीला त्यांनी लॅपटॉप मिटायला लावून आठवडाभर माझ्या शेजारी उभं केलं. आकडा हलला की तिने आधी सांगायचं, वाढवा की थांबा. मग मी माझं जे करायचं ते करायचं, आणि दोन्ही काका लिहून घेणार. पहिल्या दिवशी ती दर मिनिटाला "वाढवा, वाढवा" करत होती.

"बयो," काका म्हणाले, "वाडीत पाट सोडला की शेवटच्या माडाला पाणी पोचायला वेळ लागतो. तोवर 'पाणी नाही, पाणी नाही' करून आणखी सोडलंस, तर अलीकडची सगळी आळी बुडतात. बटण फिरव आणि गप उभी राहा."

"काका, पण पेशन्स नाही ना माझ्यात."

"मग यंत्रात कुठून येणार?"

यांच्या स्वतःच्या घरी मात्र ऑटोने काय उच्छाद मांडला होता, ते मी चौलला गेले तेव्हा कळलं. माझं माहेर रेवदंड्याचं, जाता-येता वाट तीच. काकूंनी पानात नारळाची वडी ठेवली आणि तक्रारींचा पाढा सुरू केला. विहिरीचा पंप ऑटो, टाकी ऑटो, अंगणातला दिवा ऑटो. "चहा तेवढा अजून हातावर आहे, म्हणून वेळेवर मिळतो," काकू म्हणाल्या. एकदा ही दोघं लग्नाला गेली होती. परत येऊन पाहतात तो वाडीत घोटाभर पाणी. टाकी तुडुंब वाहतेय आणि पंप चालूच. काका टाकीवर चढले, तर टाकीतल्या तरंगत्या गोळ्याच्या दांड्यावर हा एवढा बेडूक बसलेला! त्याच्या भाराने गोळा बुडालेला, आणि पंपाला वाटतंय टाकी रिकामी आहे.

"यांचं यंत्र हुशार हो," काकू म्हणाल्या, "पण बेडूक जास्त हुशार."

काका वडी खात होते. त्यांनी मान डोलावली. "गोळा खोटं बोलला नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर कोण बसलंय ते मी बघितलं नव्हतं, एवढंच." बायकोसमोर चूक कबूल करणारा पुरुष मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

असं करता करता यंत्र तयार झालं. केतकीने सगळी नोंद त्याला शिकवून संपवली आणि कंपनीचे साहेब पाहायला आले. पडद्यावर तिने दोन रेघा दाखवल्या, एक आमच्या हाताची, एक यंत्राची. यंत्राची रेघ आमच्यापेक्षा गुळगुळीत. आकडा जरा घसरला की आपण माणसं घाबरतो. यंत्र बऱ्याच वेळा नुसतं थांबायचं, कारण नोंदींत असंच दिसत होतं की बटण न फिरवताही आकडा आपोआप वर येतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी लागणार, डोळे वाचणार. साहेब खूश, डॉक्टर मॅडम खूश. मी तर मनातल्या मनात पेढेच वाटत होते. कारण एवढा शहाणा संयम यंत्र माझ्याकडून शिकलं होतं ना!

सोमवारी पहिल्या बाळाला यंत्र लावायचं ठरलं. बाळ सुरेखाचं. सुरेखा माणगावच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या वाडीवरची, पहिलटकरीण. बाळ सातव्या महिन्यात झालेलं, वजन किलोच्या आत-बाहेर. तिला डॉक्टर मॅडमनी सगळं समजावलं होतं, तिने सही केली होती आणि दुसऱ्या बायांना सांगतही सुटली होती, "माझ्या पोराला नवं मशीन लावणार हायत." यंत्र लावायच्या कागदावर मॅडमची सही झाली, साहेबांची झाली. राहिली काकांची. त्यांनी पेन काढलं, कागदाला टिचकी मारली आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी देतो."

साहेबांचा चेहरा उतरला. मलाही राग आला, खोटं कशाला सांगू. म्हातारा मोडता घालतोय असं वाटलं.

शनिवारी दुपारी विभाग शांत होता. काका स्टुलावर बसून वहीची पानं पुढे-मागे करत होते.

"सिस्टर," ते म्हणाले, "आकडा घसरला आणि तुम्ही बटण नाही फिरवलंत, तर काय करता?"

"थांबते. केतकीनेही विचारलं होतं, तिलाही हेच सांगितलं."

"नुसत्या थांबता?"

"नुसती थांबते. बाळ येतं आपलं आपण वर."

"आणि पायाशी काय करता?"

"कुणाच्या पायाशी?"

"बाळाच्या."

मी चिडले. "अहो काका, काही करत नाही मी! पंचवीस वर्षं—" एवढ्यात सुरेखाच्या बाळाचा पडदा वाजायला लागला. आकडा अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी, असा उतरत होता. मी तिकडे गेले, जाता जाताही तोंड चालूच होतं, "मी काय करते ते मला माहीत नाही का? मी फक्त उभी राहते, आणि बघते, आणि—"

बाळाची छाती एकदम वर उचलली. त्याने श्वास घेतला. आकडा चढायला लागला.

 काका माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. मीही बघितलं. माझं मधलं बोट बाळाच्या तळव्यापाशी होतं, आणि टिचकी मारून झालेली होती.

इतकी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात. मग तळव्याला हळूच टिचकी मारली की दचकून पुन्हा श्वास घेतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठ्या सिस्टरने मला शिकवलं होतं, आणि मग ते इतकं अंगात मुरलं की करते हेच विसरले होते. काकांनी वही माझ्यापुढे धरली. आकडा घसरला आणि बटण न फिरवता वर आला, अशा त्या आठवड्यातल्या एकेचाळीस खुणा होत्या. त्यातल्या सदतीस खुणांपुढे त्यांनी एक छोटा पाय काढला होता. चित्र वाईट होतं, पण पाय होता हे कळत होतं.

"पस्तीस वर्षं मी काचांना टिचक्या मारतोय आणि मला कळत नाही," ते म्हणाले. "म्हणून तुमची दिसली."

 बटणाची नोंद होत होती, बोटाची होत नव्हती. यंत्राला दिसत होतं ते एवढंच, की आकडा पडतो, सिस्टर काही करत नाही आणि बाळ सावरतं. म्हणजे बाळ श्वास विसरलं की स्वस्थ बसायचं, हे मी त्याला शिकवलं होतं. विचारलं तेव्हाही तेच सांगितलं होतं, वर तोऱ्यात. सोमवारी ते सुरेखाच्या बाळाला लागलं असतं. यंत्र थांबलं असतं, आणि यंत्र आहे म्हणून कदाचित मीही दुसऱ्या बाळाकडे वळले असते. मी त्या दिवशी औषधांच्या कपाटाआड जाऊन रडले. काका मागे आले आणि बाहेरूनच म्हणाले, "सिस्टर, तुमचा हात शहाणा आहे. तोंडाला सांगत नाही, एवढाच त्याचा दोष."

केतकी धावत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. "पण काका, डेटात तर काहीच नव्हतं ना!"

"डेटात बोट नव्हतं, बयो. तुझी चूक नाही. माझी आहे. आठवडाभर तुला बटण बघायला उभं केलं, सिस्टरचा दुसरा हात बघ असं नाही सांगितलं."

साहेबांचा फोन आला तो काका व्हरांड्यात उभे राहून घेत होते. साहेबांचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू येत होता. पाहुणे ठरलेत, तारीख दिलीय, धोक्याची घंटा तर वाजणारच आहे, नर्स तर आहेच ना तिथे! काका शांतपणे म्हणाले, "साहेब, नर्स आहे म्हणून तर तुमचं यंत्र हुशार दिसतंय." सही त्यांनी केली नाही.

सोमवार रद्द झाला. पुढचे सगळे आठवडे सुरेखाचं बाळ आम्ही हातावरच सांभाळलं, बटण आणि बोट दोन्ही लावून. काका रोज येऊन केतकीला प्रत्येक टिचकीची वेळ लिहून देत होते. त्या वहीवरून तिने यंत्र पुन्हा शिकवायला घेतलं. आता ते बाळाच्या छातीकडेही बघतं, आणि श्वास थांबला की बटणाशी खेळत न बसता आधी आम्हाला हाक मारतं. आज ते आमच्याकडे चालू आहे आणि चांगलं चालू आहे. त्याच्या रंगीत माहितीपत्रकावर साहेबांचा फोटो आहे. काकांचं नाव शोधलं मी, चष्मा लावून शोधलं. नाही. हे नवं यंत्र तयार व्हायच्या कितीतरी आधीच कंपनीने त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोप दिला होता. चौलच्या वाडीवाल्याला नारळ दिला हो! त्यांनी तोही हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पाणी कमी आहे यात."

तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. योगायोगाने त्याच दुपारी सुरेखाही बाळाला घेऊन घरी जायला निघाली होती. बाळाचं वजन दोन किलोला टेकलं होतं. तिचा नवरा पिशव्या घेऊन गाडी बघायला पुढे गेला होता. मी तिला फाटकापर्यंत पोचवायला आले, आणि काका तिथे चौलच्या रिक्षेची वाट बघत उभे.

सुरेखाने त्यांना पाहिलं आणि ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका, एक इचारू? माझ्याच पोराच्या टायमाला मशीन न्हाय कसं झालं? सही घेतलीत माझी. समद्यांना सांगून बसलेली मी. आमी वाडीवरचे म्हणून?"

मला वाटलं, आता ते सांगतील. सांगायलाच हवं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं, बाय. वेळेत झालं न्हाय माझ्याच्यानं."

चूक कुणाची होती ते मला ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि मी ते गिळले. पुढच्या तपासणीला सुरेखा येईल तेव्हा सांगेन म्हटलं. ती आली, बाळ गुटगुटीत झालं होतं, आणि मी तेव्हाही सांगितलं नाही. फार लाज वाटते मला याची. इथे लिहितेय ते म्हणूनच.

ते हात जोडलेले पाहून सुरेखा मात्र वरमली. "जाऊ द्या वो काका, बोलली आपली." तिचा पदर सुटत होता, हातातली पिशवी घसरत होती. तिने सरळ बाळ काकांच्या हातात ठेवलं. "धरा जरा."

इतके महिने हा माणूस बाळांपासून दोन हातांवर बसला, पण त्याने कधी एकालाही स्पर्श केला नव्हता. आमच्या हातांकडे पाहायचे, पडद्याकडे पाहायचे, वहीत पाहायचे. आता ते कोपर ताठ करून उभे राहिले. बाळाच्या पायाला पट्टा नाही, नाकाला नळी नाही, शेजारी पडदा नाही. त्यांनी घाबरून इकडे तिकडे पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "बरा आहे ना हा? आता बघायचं कुठे?"

सुरेखा पदर खोचता खोचता खळखळून हसली. "कुठं म्हंजे? तोंडाकडं बघा की त्याच्या!"

काकांनी मान खाली घालून पाहिलं. रिक्षावाला "चौल, रेवदंडा" करत येऊन थांबला. दोनदा त्याने हाक मारली, पण काकांची नजर बाळाच्या तोंडावरून हलली नाही. मग कशाने कोण जाणे, त्याने इंजिन बंद केलं आणि तोही बघत बसला.